पन्नास वेळा ‘आहे’

वेरिबी
व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया
रविवार, १९ जुलै २०२०

चि. चित्रास,

काल फोनवर तू ओरडत होतीस आणि मी ‘हो हो’ म्हणत होतो, त्यातलं निम्मंसुद्धा मला कळलेलं नाही. आधी फॅक्टरीतल्या मशीननी आणि मग पिस्तुलांनी माझे कान खाल्ले. डावा तर कामातूनच गेलाय, उजव्यात दिवसभर बारीक शिट्टी वाजते. व्हिडिओ कॉलवर तुमची नुसती तोंडं हलताना दिसतात, मला फिशटँकसमोर बसल्यासारखं वाटतं. म्हणून कागद घेतला. घरात पत्रं लिहिणं हे मधुवंतीचं खातं होतं, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घे.

एवढं ऐकू आलं की तू विचारत होतीस, दिवसभर करतोस काय. खरं सांगायचं तर काही नाही. नेमबाजीचा क्लब बंद, रेंज बंद. चार महिने गराजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आज टाकलं.

तू दोनदा आलीस तेव्हा नाक मुरडून लांब उभी राहिलीस, म्हणून तुला माहीत नसेल. दुकानातली काडतुसं घेऊन दर रविवारी दोनशे फैरी झाडणं पगारातही बसत नव्हतं, पेन्शनीत तर नाहीच. गोळी सुटून जाते, पण पितळेची पुंगळी मागे राहते. बाकीचे ती झाडून बादलीत टाकतात, मी घरी आणतो. धुवायची, वाळवायची, प्रेसमध्ये घालून परत मापात आणायची, बुडाला ठिणगी टाकणारा नवीन प्रायमर बसवायचा, आत मोजून पावडर, वरून शिशाची गोळी. एकेक पुंगळी माझ्याकडे दहा-बारा वेळा जन्म घेते.

यात एकच जागा जपायची. पावडर चिमूटभरच असते आणि पुंगळी खोल. एखादी रिकामी राहिली आणि तिच्यावर गोळी बसवली, की बाहेरून काही कळत नाही. झाडताना ती गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. ते लक्षात न येता मागून दुसरी सुटली, तर पिस्तूल हातात फुटतं. ते काम मधुवंतीचं होतं. पन्नास भोकांचा एक लाकडी ठोकळा मी केलाय, त्यात पुंगळ्या उभ्या असतात. ती माझ्या डावीकडे स्टुलावर बसायची, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताचं बोट पुंगळीच्या कडेवर. आत बघायची आणि म्हणायची, “आहे.” मी वहीत पेन्सिलने खूण करायचो आणि गोळी बसवायचो. मग पुढची. “आहे.” पन्नास वेळा. लॅबमध्ये तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावलेली बाई. तिने ‘आहे’ म्हटल्यावर मी कशाला आत डोकावतोय?

ती एप्रिलमध्ये गेली, त्याआधी मार्चमध्ये भरलेला शेवटचा डबा शेल्फवर तसाच आहे. त्यावर तिच्या हातचं लेबल, काळ्या मार्करने ठसठशीत ‘मार्च’. असे काळे मार्कर मला घरातल्या प्रत्येक ड्रॉवरमध्ये सापडतायत. कशाला लागत होते कोण जाणे.

यतिनला आशीर्वाद.

तुझा,
शिरीषदादा

•

पेंडल हिल
२ ऑगस्ट २०२०

ती. दादास सा. न.,

पत्र बघून आधी घाबरले, मग हसले. अक्षर अजून शाळेतलंच आहे तुझं, प्रत्येक ओळ वर चढत जाते.

कामावर एका नवीन मराठी मुलीने विचारलं, तुमचे भाऊ रिटायर होऊन काय करतात. मी सहज म्हटलं, गराजमध्ये बसून दारू भरतो. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी खुलासा केला नाही, जरा मजा येऊ दे म्हटलं. यतिन म्हणतो, “मामा इज अ लेजंड.” त्याची युनिव्हर्सिटी घरूनच चालू आहे, म्हणजे बारा वाजता उठणं चालू आहे.

आमच्या एज्ड केअरमध्ये आम्ही गाऊन, मास्क, शील्ड घालून फिरतो. आज्ज्या आम्हाला ओळखत नाहीत. तुझ्याकडे तर आजपासून फारच कडक केलंय असं ऐकलं. पाच किलोमीटरच्या आत राहा आणि नीट जेव.

एक बोलायचं राहिलंय ते लिहूनच टाकते. वहिनीच्या वेळी मी आले नाही. दहाच माणसं चालणार होती, कामावरून सोडत नव्हते, हे सगळं खरं आहे. पण मी स्टाफ रूममध्ये बसून लॅपटॉपवर तिचं शेवटचं पाहिलं आणि नंतर तोंड धुऊन जेवणाचे ट्रे वाटले, ते मला अजून सहन होत नाही. मला माफ कर.

तिची सगळी पत्रं माझ्याजवळ आहेत. शेवटची तर काळ्या मार्करने लिहिलेली, पानावर जेमतेम सहा ओळी. मी तिला चिडवायचे, वहिनी, पत्र लिहितेस की बोर्ड रंगवतेस?

आणि एक विचारते. तू पुन्हा भरायला बसणार असशील, तर आता पुंगळीत कोण बघणार?

तुझी,
चित्रा

•

वेरिबी
२३ ऑगस्ट २०२०

चि. चित्रा,

माफी वगैरे मागू नकोस. लॅपटॉपवर तुझं नाव दिसत होतं, मला तेवढा आधार झाला होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण आधी शांतपणे बस.

गेल्या रविवारी जेवणानंतर मी गराजचं दार अर्धं उघडं ठेवून बसलो. छान ऊन होतं. पन्नास पुंगळ्यांत पावडर घातली, ठोकळा समोर घेतला, टॉर्च उचलला. पहिल्या पुंगळीवर उजेड टाकला आणि वाकणार एवढ्यात ऐकू आलं, “आहे.”

मी म्हटलं, सवय. इतकी वर्षं ऐकलंय, कान स्वतःच बोलत असतील. खूण केली, गोळी बसवली. दुसरी. “आहे.” तिसरी. “आहे.” आवाज तिचाच, ‘हे’ जरा लांबवलेला, कंटाळल्यासारखा. चित्रा, तो डावीकडून येत होता. त्या कानाशी हॉर्न वाजवला तरी मला पत्ता लागत नाही. पण हे स्पष्ट, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

मी मान वळवली नाही. वळवावीशी वाटली नाही असं नाही, पण म्हटलं, वळवली आणि थांबलं तर?

सदतिसाव्या पुंगळीला आवाज आला नाही. मी थांबलो. शेवटी टॉर्च घेऊन आत बघितलं. आत पावडर नव्हती. स्वच्छ, कोरडी, तळापर्यंत पितळ दिसत होतं.

मी त्या पुंगळीत पावडर घातली आणि मोठ्याने म्हटलं, “आता?” तर म्हणाली, “आहे.”

तेव्हापासून रोज दुपारी बसतो. एका आठवड्यात सहा डबे झाले. त्यात ती दोनदा गप्प राहिली आणि दोन्ही वेळा पुंगळी रिकामी निघाली. एकदाही चुकली नाही. तू मला वेड लागलं म्हणशील. म्हण. पाच महिन्यांनी मी गराजमधून जेवायच्या वेळी भूक लागून उठतोय.

शिरीषदादा

•

पेंडल हिल
१३ सप्टेंबर २०२०

दादा,

तीन वेळा लिहून फाडलं, हे चौथं.

तुला वेड लागलेलं नाही. आमच्याकडे निम्म्या आज्ज्यांना गेलेले नवरे हाका मारतात. एक जण तर रोज चहाचा दुसरा कप मागून घेते. आपलं माणूस गेल्यावर आवाज ऐकू येतात, मला त्याची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती वेगळीच. तू आत बघणं सोडलंयस. “वाकणार एवढ्यात” असं लिहिलंस. म्हणजे त्यानंतर वाकला नाहीसच ना? जी गप्प राहते ती तेवढी तू बघतोस. बाकीच्या एकोणपन्नास?

मला वचन दे की प्रत्येक पुंगळीत तू स्वतः, स्वतःच्या डोळ्यांनी बघशील. मग ती बोलो की न बोलो.

आणि दुसरं. तो ‘मार्च’चा डबा आणि वहिनीने तपासलेले आणखी काही जुने असतील ते, झाडू नकोस. सगळे मोडून टाक. काय करतात ते कर, पण पिस्तुलात घालू नकोस. कारण विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. तुझ्या धाकट्या बहिणीने आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही असं समज आणि एवढं कर.

तुझी,
चित्रा

•

वेरिबी
१५ नोव्हेंबर २०२०

चि. चित्रा,

दोन महिने लिहिलं नाही. राग आला होता, म्हणून.

तिचा टूथब्रश टाका, तिचे कपडे देऊन टाका, क्लबातल्या लोकांपासून शेजारणीपर्यंत मला प्रत्येक जण हेच सांगतोय. “मूव्ह ऑन, मेट.” तूही त्यातलीच निघालीस. कारण सांगता येणार नाही म्हणे. कारण मला समजतं. तुला वाटतं, तिच्या हातचं काही समोर राहिलं तर हा म्हातारा असाच बडबडत राहणार. आयुष्यात तिने माझ्यासाठी जे काही शेवटचं केलं, ते त्या पन्नास पुंगळ्या आहेत. एकेक करून बघितल्यात तिने. त्या मोडू?

रेंज येत्या रविवारी उघडतेय. मी तो डबा घेऊन जाणार. पहिल्या दिवशी तिच्याच हातच्या पन्नास झाडायच्या, हे मी एप्रिलमध्येच ठरवलं होतं.

बाकी ठीक.

शिरीषदादा

•

वेरिबी
सोमवार, २३ नोव्हेंबर २०२०

चित्रा,

अक्षर लावून वाच.

काल सकाळी रेंजवर गेलो. आठ महिन्यांनी सगळे भेटले, मास्क लावून, लांबून हात हलवत. गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं. मी माझ्या जागेवर उभा राहिलो, कानांवर इअरमफ चढवले, तिचा डबा उघडला. सहा काडतुसं भरली. रिव्हॉल्व्हर उचललं आणि ट्रिगरवर बोट गेलं तसा आवाज आला, “आहे.”

इअरमफच्या आत, डाव्या बाजूने. मी झाडली. दुसरीसाठी हात उचलला. “आहे.” झाडली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. गराजमधून ती माझ्याबरोबर रेंजवर आली होती. ती जिवंत असताना कधी यायची नाही, आवाज सहन व्हायचा नाही तिला. बावीस गोळ्या तशा गेल्या. प्रत्येकीच्या आधी “आहे”. नेमही छान लागत होता.

तेविसावीला ती बोलली नाही. पण माझं बोट तालात होतं, दाबलं गेलं. दोन्ही बाजूंना लोक झाडत होते. माझ्या पिस्तुलाचा आवाज झाला की नाही तेच मला कळलं नाही. हाताला धक्का जरा कमी बसला, एवढंच. एरवी मी सेकंदात पुढची झाडली असती. तालात असलं की थांबणं होत नाही. पण हात वर जाईना, कारण “आहे” आलं नव्हतं. मी ते यायची वाट बघत होतो. मुलाने रुसून बसावं तसा मी पिस्तूल खाली धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, मधू, बोल ना.

रेंज ऑफिसर मागून आला. “यू राइट, मेट?” म्हणाला. मी म्हटलं, समथिंग्ज मिसिंग. त्याने पिस्तूल रिकामं करायला लावलं आणि नळीतून सळई घातली. ती अर्ध्यावर अडली. गोळी आत बसली होती, चित्रा. तेविसाव्या पुंगळीत पावडर नव्हती, नुसत्या प्रायमरने गोळी नळीत ढकलली होती. तो म्हणाला, पुढची झाडली असतीस तर हात गेला असता, आणि कदाचित तोंडही.

घरी येऊन उरलेली सत्तावीस मी गोळी उपसायच्या खास हातोड्याने एकेक करून उघडली. त्यातली चार रिकामी होती.

एका डब्यात पाच. तिने तपासलेल्या डब्यात. असं कसं होईल? गेल्या वीस वर्षांत आमच्याकडे एकही निघाली नव्हती. आणि मुख्य म्हणजे, काल जिला कळलं, तिला मार्चमध्ये का नाही कळलं? तुला काही माहीत आहे. सप्टेंबरच्या पत्रातच होतं, मी वाचलं नाही. आता विचारतोय. सांग.

शिरीष

•

पेंडल हिल
३० नोव्हेंबर २०२०

दादा,

तुझी दोन्ही पत्रं आज एकाच दिवशी आली. पोस्टाचं काय चाललंय कळत नाही. मी शिक्क्यावरची तारीख बघून पंधराचं आधी उघडलं. ‘तो डबा घेऊन जाणार’ वाचलं आणि कॅलेंडर बघितलं. रविवार कधीच होऊन गेला होता. दुसरं पाकीट हातात होतं आणि ते उघडायचा धीर होईना. यतिनने उघडलं. त्याला मराठी वाचता येत नाही, पण म्हणाला, “इट्स मामाज् हॅण्डरायटिंग, आई. ही’ज ओके.” वर चढत जाणाऱ्या ओळी बघून कळलं त्याला.

आता सांगते. मला वहिनीने शपथ घातली होती, यतिनची. ती मोडते.

वहिनीला शेवटचं दीड वर्ष नीट दिसत नव्हतं. नजरेच्या मधोमध डाग आला होता, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. म्हणून तिने गाडी सोडली आणि तुला सांगितलं की ट्रॅफिकचा कंटाळा येतो. म्हणून मार्कर. म्हणून बोट पुंगळीच्या कडेवर, नाहीतर कितवी चालली आहे तेच तिला कळलं नसतं. तुला का नाही सांगितलं, तर तू रिटायर झाल्या झाल्या तिला घेऊन सगळा ऑस्ट्रेलिया गाडीने फिरवणार होतास. तुझे नकाशे टेबलावर पसरलेले असायचे. ती म्हणायची, तो सगळं रद्द करेल आणि मला डॉक्टरांकडे फिरवत बसेल. सांगते, सांगते म्हणत राहिली.

तिचं जानेवारीचं पत्र समोर आहे. त्यातलं जसंच्या तसं उतरवते.

“चित्रा, एक गंमत सांगते, रागावू नकोस. पुंगळ्यांत मला काळं भोक सोडून काही दिसत नाही. पावडरही काळीच. पण शिरीषला वाटतं मी बघतेय, आणि मी शेजारी बसले की तो लहान मुलासारखा खूश असतो. तो स्वतः बघतोच ना आत, त्याचे डोळे चांगले आहेत. मी आपली म्हणते, आहे. पावडर आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही हं, नीट ऐक. नुसतं आहे. म्हणजे मी आहे. इथे बसले आहे. यात खोटं काय?”

तिला वाटायचं तू बघतोस. तुला वाटायचं ती बघते. आणि मला दोन्ही माहीत असायला हवं होतं, पण तुझ्या जुलैच्या पत्रापर्यंत मला माहीत नव्हतं की तू आत डोकावतच नाहीस. ते वाचलं त्याच दिवशी फोन करून ओरडून सांगायला हवं होतं. तसं न करता मी ऑगस्टमध्ये “कोण बघणार” असा साळसूद प्रश्न विचारला, आणि सप्टेंबरमध्ये “कारण विचारू नकोस”. गेलेल्या माणसाची शपथ पाळत बसले आणि जिवंत माणसाचा हात पणाला लावला. याची माफी मागायची मला लाज वाटते.

दोन राज्यांमधली बॉर्डर उघडलीय. अकरा डिसेंबरची फ्लाइट बुक केलीय, नको म्हणू नकोस.

चित्रा

•

वेरिबी
५ डिसेंबर २०२०

चि. चित्रा,

ये.

तुझ्यावर नाही, तिच्यावर रागावलोय. दोन दिवस घरात भांडी आपटत होतो. तिसऱ्या दिवशी नकाशे काढून फाडायला बसलो, तेव्हा दिसलं की तिने त्यांच्यावर काळ्या मार्करने गावांना गोल केलेत. ब्रूम, डार्विन, केर्न्स. म्हणजे यायचं होतं तिला. काही न दिसता यायचं होतं. मग रडलो, चांगला तासभर.

गराजमध्ये आता प्रत्येक पुंगळीत मीच बघतो. बघून झालं की मोठ्याने सांगतो. ती काही बोलत नाही. त्या रविवारपासून एकदाही नाही. तिचं सांगून झालं असावं. तू आलीस की एक डबा आपण दोघं मिळून भरू, तू शेजारी बस. सवय आहे मला कुणीतरी शेजारी असायची.

येताना पेंडल हिलच्या दुकानातून भाजणी आण. इथली कडू लागते.

दादा

•

पेंडल हिल
रविवार, २० डिसेंबर २०२०

ती. दादास सा. न.,

सुखरूप पोचले, हे आठवड्याने लिहितेय. इथे समुद्राकडच्या भागात पुन्हा केसेस निघाल्या, आज मध्यरात्रीपासून व्हिक्टोरियाचं दार आम्हाला बंद. नशीब, त्याआधी येऊन गेले. तुझ्या हातची खिचडी खाल्ली, वहिनीच्या साड्या उन्हात घातल्या, तिच्या फोटोसमोर बसून आपण दोघं एकदाचे रडलो. लॅपटॉपवर जे राहून गेलं होतं ते झालं.

आता जे लिहितेय ते लिहावं की नाही यावर आठवडा काढला. पण एकदा तुझ्यापासून लपवून पाहिलं आणि त्याच्यापायी तुझा हात जाता जाता राहिला. आता काही लपवणार नाही, मग तू काय म्हणायचं ते म्हण.

शनिवारी दुपारी आपण डबा भरायला बसलो, आठवतं? तू म्हणालास, स्टुलावर बस. मला त्या स्टुलावर बसवेना. मी खुर्ची ओढून तुझ्या उजवीकडे बसले, त्या कानाने तुला थोडं तरी ऐकू येतं म्हणून. तू आधी आत बघायचास, मग टॉर्च माझ्याकडे द्यायचास. मी बघून म्हणायचे, “आहे.” पहिल्या चार-पाच वेळा तू “काय?” म्हणालास. मास्कमधून तुला ऐकू येत नव्हतं. मग मी अक्षरशः ओरडायला लागले, “आहे!” आणि आपण दोघं हसलो. तू खुणा करत गेलास.

तिसाव्या पुंगळीनंतर मला वहिनीचं पत्र आठवलं. मी आहे, इथे बसले आहे. माझे डोळे भरून आले. एकतिसाव्या पुंगळीवर टॉर्च धरला तर सगळा उजेडच पसरला, आत काही दिसेना. मनात आलं, नुसतं म्हणून टाकावं. त्याने बघितलंच आहे की. आणि लगेच लक्षात आलं, वहिनीनेही नेमकं हेच म्हटलं असणार. म्हणून मी गप्प बसले. डोळे पुसेपर्यंत तू थांबशील असं वाटलं.

तू थांबला नाहीस. “काय?” म्हणाला नाहीस. तू मान डोलावलीस, डावीकडे, रिकाम्या स्टुलाकडे बघून जरासा हसलास, आणि वहीत खूण केलीस. मग गोळी घ्यायला वळलास. तेवढ्यात मी डोळे पुसून एकतिसावीत वाकून पाहिलं. पावडर होती.

संध्याकाळी तू वही मिटताना म्हणालास, “चित्रा, तूसुद्धा पन्नासच्या पन्नास वेळा बोललीस हं, मधूसारखी.” मी हो म्हटलं.

दादा, मी एकोणपन्नास वेळाच बोलले होते.

तुझी,
चित्रा